त्या सोमवारी वीज कोणी घालवली?

पोस्ट मोठी आहे. विषय अणुबॉम्बचा आहे, पण सुरुवात आमच्या गाळ्यातून करावी लागेल, त्याला इलाज नाही.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळचे दहा वाजून गेले होते. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात एका पंपहाउसच्या पॅनेलचं टेस्टिंग चालू होतं. लॉकडाऊन नुकताच सैल झालेला, पाचातली तीनच माणसं कामावर, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आणि एकदम सगळे कॉन्टॅक्टर सुटले. खट्. पंखे थांबले, शेजारच्या गाळ्यातली प्रेस थांबली. आता वागळेत वीज जाणं यात काही नवल नाही. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी देखभालीसाठी जाते, पावसाळ्यात कारण नसताना जाते. पण पाच-दहा मिनिटांत फोन यायला लागले. मुलुंडला गेलीये. दादरला गेलीये. चर्चगेटला गेलीये.

चर्चगेटला? ठाण्याच्या माणसाला हे पचत नाही. आमची गेली तरी मुंबईची जात नाही, हे आम्ही लहानपणापासून थोड्या मत्सराने ऐकत आलोय. त्या दिवशी लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, कोविडच्या रुग्णांनी भरलेली हॉस्पिटलं जनरेटरवर आली. काही उपनगरांत दिवे यायला रात्र झाली.

आमचे मिस्त्री बाहेर ओट्यावर बसून म्हणाले, "साहेब, हे चीनचं काम."

गलवानला तेव्हा चार महिने होत होते. वीस जवान गेले होते. मी हसलो आणि त्यांना म्हटलं, चीनला वागळे इस्टेट माहीत तरी आहे का. साडेचार महिन्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने जवळपास हीच शंका छापली. मिस्त्रींनी मला मोबाइल दाखवला. काही बोलले नाहीत, नुसता दाखवला.

आता आधी त्या दिवसाचं बघू. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलेलं स्पष्टीकरण सरळ होतं. महापारेषणच्या कळवा-पडघे ४०० केव्ही व्यवस्थेत सर्किट एकची देखभाल चालू होती, त्याचा भार सर्किट दोनवर होता, आणि दोनमध्ये अचानक तांत्रिक बिघाड झाला. पडघे म्हणजे भिवंडी तालुक्यातलं, आणि कळवा तर खाडीपलीकडे, आपल्या नजरेच्या टप्प्यात. राज्यभरातून येणारी वीज मुंबईत शिरते ती अशा मोजक्या दारांतून. एक दार दुरुस्तीसाठी बंद, दुसरं आपटलं, की उरलेल्यांवर गर्दी होते. तारांवर भार वाढला की त्यांचे रिले त्यांना सोडवतात (सोडवलंच पाहिजे, नाहीतर तार वितळेल) आणि मग पत्त्यांच्या बंगल्यासारखं एकामागून एक. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या ग्रिडपासून तुटून स्वतःच्या विजेवर बेटासारखं चालावं अशी सोय कित्येक वर्षं होती. त्याला आयलँडिंग म्हणतात. त्या दिवशी ती टिकली नाही.

हे सगळं बिघाडाने होऊ शकतं. ज्याने आयुष्यात एकदा तरी रिलेचं सेटिंग चुकवलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

मग २८ फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्युचर नावाच्या कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने, त्याला त्यांनी 'रेडएको' नाव दिलं होतं, भारताच्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं होतं. देशात पाच प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं आहेत, त्यातली चार त्या यादीत होती. भार प्रेषण केंद्र म्हणजे ग्रिडची ट्रॅफिक कंट्रोल रूम म्हणा. यादीत दोन बंदरंही होती, त्यातलं एक मुंबईचं. पण मुंबईचे दिवे याच गटाने घालवले, असं त्या कंपनीने म्हटलेलं नव्हतं. उलट तो संबंध सिद्ध झालेला नाही, असं लिहिलं होतं. बातम्यांत ते वाक्य बारीक झालं.

दुसऱ्या दिवशी गृहमंत्री अनिल देशमुखांनी महाराष्ट्र सायबरचा अहवाल पुढे आणला. १४ ट्रोजन वीजमंडळाच्या सर्व्हरमध्ये घुसवले गेले असण्याची शक्यता, बाहेरून ८ जीबी हिशेब न लागणारा डेटा आला असण्याची शक्यता. 'शक्यता' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज गेली ती मानवी चुकीने, सायबर हल्ल्याने नव्हे. उत्तर आणि दक्षिणेच्या भार प्रेषण केंद्रांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, पण ते प्रत्यक्ष यंत्रणेपर्यंत पोचले नाहीत.

म्हणजे एक शहर अंधारात गेलं आणि राज्य एक सांगतंय, केंद्र दुसरं सांगतंय, परदेशी कंपनी तिसरंच. आज इतक्या वर्षांनी मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, बिघाडच. पडघ्याची गोष्ट तेवढ्याने पूर्ण उलगडते, हॅकरची गरज पडत नाही. पण ट्रोजन नव्हतेच असंही मी म्हणणार नाही. घरात चोर लपून बसलेला असताना त्याच दिवशी फ्यूज उडू शकतो. दोन्ही खरं असू शकतं.

आणि अण्वस्त्रांचा संबंध इथे सुरू होतो.

अण्वस्त्रांच्या सगळ्या शास्त्राचा गाभा आपल्या भाषेत एका शब्दात मावतो: धाक. बॉम्ब टाकायचा नसतो, टाकला जाईल याची खात्री समोरच्याला असावी लागते. के. सुब्रह्मण्यम यांच्या मंडळाने १७ ऑगस्ट १९९९ ला मसुदा मांडला आणि ४ जानेवारी २००३ ला सरकारने जे धोरण जाहीर केलं, त्याचा सांगाडा हाच. आम्ही आधी वापरणार नाही. पण आमच्यावर वापरलात तर उत्तर एवढं मोठं असेल की ते तुम्हाला सोसवणार नाही. आदेश देण्याचा अधिकार फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेला.

आता या धोरणाच्या पोटात काय काय गृहीत धरलंय ते बघा. हल्ला झाला हे आपल्याला कळेल. कोणी केला तेही कळेल. आपला आदेश खालपर्यंत पोचेल, आणि शस्त्र चालेल. समोरच्यालाही हे सगळं असंच होईल असं वाटत राहील. २००३ साली यात फारसं वावगं नव्हतं. क्षेपणास्त्र कुठून उडालं ते दिसतं, त्याच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो म्हणा ना. पडघ्याच्या त्या सर्किटवर पत्ता नव्हता. असता तर आज मी ही पोस्ट लिहीत नसतो.

नाहीतर 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण अण्वस्त्रांच्या बाबतीत किती महाग पडेल, याचा विचार करून बघा.

पत्ता नसण्याचं पहिलं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं आहे, ट्रॉम्ब्याचं. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणमध्ये पाच चाचण्या झाल्या. पेढे वाटले गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत 'मिलवर्म' नावाचं टोळकं घुसलं. कोण होते? अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा ठिकाणची पंधरा ते अठरा वर्षांची पोरं, जी एकमेकांना कधी भेटलेलीही नव्हती. त्यांनी सुमारे पाच एमबी ईमेल उचलले, केंद्राच्या वेबसाइटवर अणुस्फोटाच्या छत्रीचं चित्र लावलं आणि चाचण्यांचा निषेध लिहून ठेवला. आधी असं काही झालंच नाही म्हणून सांगण्यात आलं, नंतर ईमेल गेल्याचं मान्य झालं.

पाच एमबी म्हणजे आज व्हॉट्सअॅपवरचे दोन फोटो. बॉम्बच्या रचनेतलं काही बाहेर गेलं नाही, तेव्हाही ही गोष्ट सगळ्यांनी गंमत म्हणूनच घेतली. मला त्यातली एकच बाब खटकते. त्या वेळच्या बातम्यांनुसार ही पोरं नासाच्या आणि अमेरिकी लष्कर-नौदलाच्या संगणकांवरून उड्या मारत ट्रॉम्ब्याला आली होती. चाचण्या झाल्यावर तीन आठवड्यांत, अमेरिकेने निर्बंध लादलेले असताना, कोणी नुसता शेवटचा पत्ता बघितला असता तर त्याला काय वाटलं असतं? ती पोरं होती म्हणून आणि त्यांनी स्वतःच बढाया मारल्या म्हणून हे कळलं. बढाई न मारणाऱ्याचं काय करायचं?

बारा वर्षांनी ते उत्तर आमच्या धंद्यातून आलं. जून २०१० मध्ये बेलारूसमधल्या एका छोट्या अँटिव्हायरस कंपनीला स्टक्सनेट सापडला. हा जंतू बँका लुटत नव्हता, फोटो चोरत नव्हता. तो सीमेन्सचं स्टेप सेव्हन हे सॉफ्टवेअर शोधत होता, म्हणजे पीएलसी प्रोग्राम करायला वागळेतला अर्धा गाव जे वापरतो तेच. मग पीएलसीला विशिष्ट बनावटीचे फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह जोडलेत का ते बघत होता. सगळं जुळलं, तर कामाला लागत होता. जुळलं ते इराणमध्ये, नतान्झच्या युरेनियम समृद्धीकरणाच्या कारखान्यात. तिथले सेंट्रीफ्यूज १०६४ हर्ट्झवर फिरायचे. स्टक्सनेट त्यांना मध्येच १४१० वर न्यायचा, मग काही दिवसांनी थेट २ वर आणायचा, मग पुन्हा १०६४. ज्याने मोटार चालवलीय त्याला कळेल की हे यंत्राला मारायचे हाल आहेत. सुमारे हजार सेंट्रीफ्यूज त्यात गेले असा अंदाज आहे. यामागे अमेरिका आणि इस्राएल होते हे आता सगळेच धरून चालतात, अधिकृतपणे आजही कोणी कबूल केलेलं नाही.

तेव्हा सिमँटेकने जगभरातल्या बाधित संगणकांची मोजणी केली होती. इराण सुमारे ५९ टक्के, इंडोनेशिया १८, आणि तिसरा क्रमांक भारत, ८ टक्के. आपल्याकडे तो कोणाला शोधत नव्हता, नुसता पेन ड्राइव्हवर बसून फिरत होता. त्या वर्षी एका साइटवर आमचा लॅपटॉप जोडू दिला नाही, आधी तपासणी म्हणाले, आणि मी त्या इंजिनिअरशी भांडलो होतो. आता वाटतं त्याचं बरोबर होतं.

पण स्टक्सनेटची खरी करामत वेगाच्या खेळात नव्हती. तो आधी यंत्र नीट चालू असतानाचे आकडे नोंदवून ठेवायचा, आणि मोडतोड चालू असताना ऑपरेटरच्या स्क्रीनवर तेच जुने आकडे दाखवत राहायचा. खाली यंत्र फुटतंय आणि वर सगळं हिरवं. इराणी इंजिनिअर कित्येक महिने आपल्याच मालाला, आपल्याच फिटिंगला, एकमेकांना दोष देत बसले असणार. आमच्याकडे नवीन पोराला पहिली शिकवण हीच असते की स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. स्क्रीन सांगतो ४० अँपिअर, तर टोंग टेस्टर लावून बघ तारेत खरंच ४० आहेत का.

आता हाच स्क्रीन अण्वस्त्रांच्या कंट्रोल रूममधला आहे असं समजा. तिथे टोंग टेस्टर कशाला लावणार?

आणि तिथले स्क्रीन हॅकरशिवायही खोटं बोललेले आहेत. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या नोराड केंद्रात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा लोंढा येताना दिसला. ती सरावाची टेप होती, चालू यंत्रणेत घुसलेली. ३ जून १९८० ला पुन्हा तेच, या वेळी कारण ४६ सेंटची एक चिप. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रहाने पाच क्षेपणास्त्रं दाखवली आणि ड्यूटीवरच्या स्टानिस्लाव पेत्रोव यांनी वर कळवलं की इशारा खोटा आहे. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. युद्ध सुरू करणारा माणूस पाचच कशाला सोडेल, एवढा साधा हिशेब होता. हे सगळं इंटरनेटच्या आधीचं.

'साप साप म्हणून भुई धोपटणे' हे आपण हसण्यावारी म्हणतो. अमेरिका आणि रशियाला तरी सापाकडे बघायला अर्धा तास होता. क्षेपणास्त्राला एका खंडातून दुसऱ्यात जायला तेवढा वेळ लागतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये मोजकी मिनिटं. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत निर्णय.

यावर लोक म्हणतात, आपले बॉम्ब काय इंटरनेटला जोडलेत का? नाहीत. आपल्याकडे बराच काळ बॉम्ब वेगळा, क्षेपणास्त्र वेगळं, दोन्ही वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात अशी रीत असल्याचं सांगितलं जातं. ही रीत हॅकरच्या दृष्टीने फार त्रासाची, म्हणून आपल्या दृष्टीने फार चांगली. पण पाणबुडीत अशी वाटणी करता येत नाही. अरिहंतने पहिली गस्त पुरी केल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. अग्नी-५ नळकांड्यात बंद तयार स्थितीत ठेवता येतं. म्हणजे तयारी वाढली, आणि जसजशी तयारी वाढते तसतसं माणसापेक्षा तारेवर आणि संदेशावर अवलंबून राहणं वाढतं. यात कोणाची चूक नाही, दुसऱ्या फटक्याची खात्री हवी तर हे करावंच लागतं.

शिवाय संगणक लागतोच असंही नाही. २६/११ चा हल्ला चालू होता. २८ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झरदारी यांना फोन गेला. बोलणाऱ्याने आपण प्रणव मुखर्जी, भारताचे परराष्ट्रमंत्री, असं सांगून युद्धाची धमकी दिली. पाकिस्तानचं हवाईदल सज्ज झालं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राईस मुखर्जींना शोधत होत्या आणि त्यांच्याशी बोलणं होईना. शेवटी झालं तेव्हा मुखर्जी म्हणाले, मी असा फोन केलेलाच नाही. एक नकली फोन! तुमच्या-माझ्या आईवडिलांना "तुमचं खातं ब्लॉक झालंय" म्हणून येतो तसला. ताज अजून जळत होतं आणि दोन अण्वस्त्रधारी देश त्या फोनवर काही तास तोलले गेले. सीएसटीवरचा तो गोळीबार आपण विसरत नाही, विसरूही नये. ही रात्र मात्र आपल्याला फारशी माहीतच नाही.

आणि ९ मार्च २०२२. आपलं ब्राह्मोस आपल्याच हातून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ पडलं. दोन दिवसांनी आपण जाहीर केलं की नेहमीच्या देखभालीत तांत्रिक बिघाड झाला. पुढे चौकशी होऊन ऑगस्टमध्ये हवाईदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. पाकिस्तानने तेव्हा प्रतिहल्ला केला नाही. नशीब म्हणा, शहाणपण म्हणा. पण उद्या असंच काही पलीकडून सुटलं आणि ते म्हणाले 'आम्ही सोडलं नाही, आमची यंत्रणा हॅक झाली', तर आपण विश्वास ठेवायचा का? आपणच तसं म्हणालो असतो तर त्यांनी ठेवला असता का?

उलटा प्रश्न याहून वाईट आहे. मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली होती की उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं उडण्याआधीच सायबर मार्गाने बिघडवण्याचा कार्यक्रम अमेरिकेने हाती घेतलाय. ऐकायला छान वाटतं. शत्रूची तोफ न सुटता फुसकी निघावी, आणखी काय हवं? पण त्या तोफेमागच्या माणसाच्या जागी बसा. उद्या माझी तोफ चालेल याची खात्री नाही, म्हणजे चालते आहे तोवर आजच चालवावी का, हा विचार त्याच्या मनात येणार. धाक टिकतो तो दोघांनाही आपापल्या शस्त्राची खात्री असते म्हणून. समोरच्याची खात्री काढून घेणं हा विजय नाही, ती नवी भीती आहे. भ्यालेल्या माणसाच्या हातात बॉम्ब कोणाला हवाय?

मग धोरण काय म्हणतं? अमेरिकेने २०१८ च्या आढाव्यात लिहिलं की अण्वस्त्राशिवाय झालेल्या मोठ्या हल्ल्यालाही, म्हणजे जनतेवरच्या, पायाभूत सोयींवरच्या किंवा अण्वस्त्रांच्या नियंत्रण यंत्रणेवरच्या हल्ल्यालाही, अण्वस्त्राने उत्तर देण्याचा विचार होऊ शकतो. त्यात सायबर आलं असंच अनेकांनी वाचलं. आपल्या २००३ च्या जाहीर धोरणात जैविक आणि रासायनिक हल्ल्याला अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवलाय. सायबरचा उल्लेख नाही. मला स्वतःला ते बरंच वाटतं. एका पडलेल्या ग्रिडसाठी कोणी अणुबॉम्बची भाषा करू नये. पण मग निदान त्या ग्रिडला हात लावायचा नाही हे तरी कुठे लिहिलेलं असावं की नाही?

अर्धवट लिहिलेलं आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, २६/११ झालं, बालाकोट झालं, यादी चुकली नाही. गेल्या पस्तीसेक वर्षांत या दोन देशांनी इतक्या नेमाने पाळलेली दुसरी गोष्ट मला तरी आठवत नाही. करारात नाश किंवा नुकसान करण्याच्या हेतूने केलेली कोणतीही कृती, थेट वा आडून, वर्ज्य आहे. शब्द रुंद आहेत, वकील त्यात सायबर बसवू शकेल. पण संगणकाचं नाव त्यात नाही, १९८८ साली कोण घालणार होतं. आणि अणुकेंद्राला वीज देणाऱ्या तारांचं काय?

ही तार किरकोळ नाही. तारापूर २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, पालघर वेगळा झाला तेव्हा गेलं. १९६९ पासून ते वीज देतंय हे आपल्याला माहीत असतं. ते वीज घेतंही, हे माहीत नसतं. अणुभट्टी बंद केली तरी तिचं इंधन तापतच राहतं आणि ते थंड ठेवायला पंप चालू लागतात, त्यांना बाहेरची वीज लागते. ती गेली तर डिझेल जनरेटर. २०११ साली फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज गेली आणि त्सुनामीने जनरेटर बुडवले, पुढचं जगाने पाहिलं. ग्रिडवरचा हल्ला आणि अणुकेंद्रावरचा हल्ला यांच्यातली रेघ कागदावर जितकी ठळक दिसते तितकी प्रत्यक्षात नाही.

कुडनकुलमचा किस्सा थोडक्यात सांगतो, कारण त्यात हॅकरपेक्षा आपलाच दोष जास्त दिसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या एका संगणकात डीट्रॅक नावाचा जंतू सापडला. हा उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या गटाचा मानला जातो. २९ ऑक्टोबरला केंद्राकडून पत्रक निघालं की असा हल्ला शक्यच नाही. ३० ऑक्टोबरला अणुऊर्जा महामंडळाने, म्हणजे अणुशक्तीनगरच्या मुख्यालयाने, मान्य केलं की हो, झालं होतं, पण फक्त कार्यालयीन नेटवर्कवर. अणुभट्टीचं नेटवर्क वेगळं आहे हे खरं आहे, भट्टीला धक्का लागलेला नव्हता हेही खरं आहे. पण चोवीस तासांत 'शक्यच नाही' ते 'झालं होतं' असा प्रवास केल्यावर पुढच्या वेळी तुम्ही खरं 'नाही' म्हणाल तेव्हा कोण ऐकणार? १९९८ ला ट्रॉम्ब्याच्या बाबतीत हेच झालं होतं. आधी नाही, मग हो. ज्या सरकारला धाक टिकवायचाय त्याच्या शब्दाची किंमत घरीही राहायला हवी, कारण शत्रू तेच ऐकत असतो.

१२ ऑक्टोबरच्या बाबतीत माझी खरी तक्रार इथेच आहे. हल्ला की बिघाड, याचं एकच उत्तर, एकाच तोंडाने, पुराव्यासकट लोकांसमोर यायला हवं होतं. मुंबई अंधारात गेली आणि आपण ते राज्य विरुद्ध केंद्र असं भांडण होऊ दिलं.

मे २०२५ मध्ये याचा पुढचा भाग बघायला मिळाला. ऑपरेशन सिंदूर चालू असताना पाकिस्तानी माध्यमांतून बातमी सुटली की सायबर हल्ल्याने भारताचं ७० टक्के ग्रिड बंद पाडलंय. पीआयबीने ते खोटं असल्याचं सांगितलं. महाराष्ट्र सायबरने नंतर जो अहवाल दिला त्यात १५ लाखांहून जास्त हल्ले आणि त्यातले फक्त १५० यशस्वी, असा आकडा होता. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे किराणा हिल्सच्या अण्वस्त्र कोठारावर आपण बॉम्ब टाकल्याच्या पोस्ट फिरत होत्या. एअर मार्शल ए. के. भारतींना पत्रकार परिषदेत सांगावं लागलं की आम्ही तिथे मारा केलेला नाही. म्हणजे कोणी काही हॅक न करताच दोन्हीकडचे लोक युद्धातली सगळ्यात धोकादायक अफवा आपापल्या मोबाइलवरून पुढे ढकलत होते.

त्या शनिवारी, १० मेला, आमचा गाळा चालू होता. ७० टक्के ग्रिडचा मेसेज मिस्त्रींच्या गावाकडच्या ग्रुपवर आला. त्यांनी मला वाचून दाखवला, मग थांबले, वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून उठले आणि मेन स्विचला जाऊन तिन्ही फेजला मीटर लावून आले.

"आहे," म्हणाले, "चारशे पंधरा," आणि टायपिंग करत बसले.